गुडघ्याला बाशिंग : होतकरू फुटबॉलपटू आणि अठराव्या वर्षाची घाई

जुलैमध्ये मेलबर्नहून एका वाचक ताईंचा मेल आला. मूळच्या नाशिकच्या, पण आता वीस वर्षं तिकडेच. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. तिथला फुटबॉल खेळतो आणि निवडकर्त्यांचं लक्ष जावं इतका चांगला खेळतो. मे महिन्यात एका सामन्यात त्यानं चेंडू पकडायला उंच उडी मारली, एका पायावर उतरला, गुडघ्यात 'टक्' असा आवाज आला आणि तो खाली बसला. एमआरआयमध्ये एसीएल हे लिगामेंट पूर्ण तुटलेलं दिसलं. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. मेलबरोबर सगळे रिपोर्ट होते आणि शेवटी एकच प्रश्न होता : "डॉक्टर, ऑक्टोबरमध्ये निवड चाचण्या आहेत. तोपर्यंत तो धावू शकेल ना?"

माझं उत्तर होतं, नाही. का नाही, हे त्यांना फोनवर समजावून सांगितलं. पण फोन ठेवल्यावर मला राग आला, आणि तो त्या ताईंचा नव्हता. एका शहाण्या, शिकलेल्या आईला शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात मुलाला धावायला लावण्याचा विचार करायला भाग पाडणाऱ्या व्यवस्थेचा तो राग होता. आजचा लेख त्या व्यवस्थेबद्दल आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी कुठलाही खेळ मन लावून खेळत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

हा खेळ आहे तरी कसा?

आपण टीव्हीवर पाहतो तो फुटबॉल हा नव्हे. 'ऑस्ट्रेलियन रूल्स', लाडानं 'फूटी'. याचे पहिले नियम १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये लिहिले गेले. चेंडू लंबगोल असतो, तो लाथेनंही मारतात आणि हातानंही पुढे ढकलतात. एका बाजूला १८ खेळाडू. मैदान बहुतेक वेळा क्रिकेटचंच, कारण उन्हाळ्यात तिथे क्रिकेट आणि हिवाळ्यात फूटी. म्हणजे लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर. आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा कितीतरी मोठं. चार सत्रं, प्रत्येक सत्र २० मिनिटांचं, आणि थांबलेला वेळ धरला की अर्ध्या तासाच्या आसपास जातं. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज धावतो.

ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे अंगावर येणारा खेळाडू समोरून, बाजूनं, पाठीमागून, कुठूनही येऊ शकतो. डोक्याला हेल्मेट नाही. आणि सगळ्यात जास्त टाळ्या कशाला? प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर गुडघा टेकवून, हवेत चढून चेंडू झेलण्याला. दिसायला ते विलक्षण सुंदर असतं. पण तिथून तोल जाऊन एका पायावर उतरणं हा गुडघ्यासाठी फार धोक्याचा क्षण असतो.

खेळ कठीण आहे म्हणून माझी तक्रार नाही. कबड्डीतही गुडघे जातात, मल्लखांबावरून पडून हात मोडतात. मुलांनी खेळावं, धडपडावं, या मताचा मी आहे. माझी तक्रार वेगळी आहे.

अठराव्या वर्षी उघडणारं दार

या खेळाची व्यावसायिक स्पर्धा म्हणजे एएफएल. तिथल्या क्लबांना बाजारात जाऊन हवा तो नवा मुलगा उचलता येत नाही. १९८६ पासून दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या क्लबला आधी निवड करायला मिळते, मग त्याच्या वरच्याला, असं चालतं. स्पर्धेत समतोल राहावा म्हणून केलेली ही पद्धत आहे आणि कल्पना म्हणून चांगली आहे.

गोम आहे ती वयात. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारी मुलं ड्राफ्टला पात्र ठरतात. ड्राफ्ट होतो नोव्हेंबरमध्ये. त्याआधी ऑक्टोबरमध्ये चाचण्या : २० मीटरची धाव, उंच उडी, चपळाईची चाचणी, दोन किलोमीटरची शर्यत. देशभरातल्या हजारो मुलांतून या मुख्य ड्राफ्टमध्ये साधारण साठ-सत्तर जणांची नावं पुकारली जातात. बहुतेक मुलांचं हे शाळेचं शेवटचं वर्ष असतं. म्हणजे बारावीची परीक्षा आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी निवड, दोन्ही एकाच हंगामात. बारावीच्या वर्षी घरात काय वातावरण असतं हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको.

आता त्या मुलाकडे पाहा. शनिवारी शाळेचा संघ त्याला खेळवतो. अठरा वर्षांखालच्या निवडक मुलांची 'टॅलेंट लीग' असते, तिथे त्याचं नाव आहे. लहानपणापासून ज्या स्थानिक क्लबात वाढला, तोही मोठ्या सामन्याला त्याला बोलावतो. राज्याच्या संघाची शिबिरं असतात. शिवाय, आईवडील आशियातून आलेले असल्यामुळे तो एका एएफएल क्लबाच्या 'नेक्स्ट जनरेशन अकॅडमी'तही आहे. आदिवासी आणि स्थलांतरित घरांतल्या मुलांना खेळात आणण्यासाठीची ही योजना आहे. योजना चांगली आहे, पण मुलाच्या आठवड्यात सरावाची आणखी एक संध्याकाळ तिच्यामुळे वाढते.

यातला प्रत्येक प्रशिक्षक भला माणूस असू शकतो. प्रत्येकानं दिलेला सराव स्वतंत्रपणे पाहिला तर योग्यच वाटेल. पण सगळ्यांची बेरीज कोण करतं? मी त्या ताईंना विचारलं, "दुखापतीच्या आधीच्या महिन्यात त्यानं एकूण किती तास खेळ आणि सराव केला?" त्यांनी मुलाला विचारलं, मुलानं बोटं मोजली आणि म्हणाला, "माहीत नाही." कुणालाच माहीत नव्हतं. वहीत लिहून ठेवायची एवढी साधी गोष्ट, पण ती कुणाचंच काम नव्हती.

सतरा वर्षांचं शरीर म्हणजे लहान आकाराचा पुरुष नव्हे

वाढीच्या वयात हाडं आधी लांब होतात. स्नायू आणि त्यांचे दोर मागून जुळवून घेतात. मधल्या काळात स्नायू ताणलेले राहतात आणि जिथे स्नायूचा दोर हाडाला चिकटतो तिथल्या कोवळ्या, वाढत्या भागावर ओढ बसते. गुडघ्याच्या खाली टेंगूळ येऊन दुखणं किंवा टाच दुखणं, हे वाढत्या वयात खेळणाऱ्या मुलांमध्ये आम्ही सर्रास पाहतो. हाडाची लांबी वाढते त्या वेगानं त्यात कॅल्शियम भरत नाही, त्यामुळे काही काळ हाड तुलनेनं नाजूक असतं. कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाणं हा त्यातलाच प्रकार. आपल्याकडच्या तरुण वेगवान गोलंदाजांना होतो तोच. फूटीत वारंवार जोरात लाथ मारणं आणि वळणं यामुळे जांघेतलं दुखणंही मुलांना फार सतावतं.

शिवाय सगळी मुलं एकाच वेळी वाढत नाहीत. एकाला तेराव्या वर्षी मिसरूड फुटते, दुसऱ्याला सोळाव्या. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच वर्षाच्या ड्राफ्टला उभे राहतात, प्रत्यक्षात त्यांच्यात जवळपास एका वर्षाचं अंतर असतं. निवडकर्त्याला मात्र दोघे शेजारी उभे दिसतात. उशिरा वाढणारा मुलगा मग काय करतो? जास्त वजनं उचलतो, जास्त धावतो, दुखलं तरी सांगत नाही. शरीर अजून तयार व्हायचंय आणि निवडीची तारीख मात्र ठरलेली आहे. आपल्याकडे म्हणतात ना, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. इथे नवरा बिचारा उतावळा नाहीच. मुहूर्तच कुणीतरी अठराव्या वर्षाचा काढून ठेवलाय आणि बाशिंग मात्र खरंच त्याच्या गुडघ्याला बांधलंय.

चौथ्या महिन्यात का धावू नये?

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकं बांधून ठेवणारी जाड दोरी. धावता धावता अचानक वळलं किंवा उडीवरून चुकीचं उतरलं की ती तुटू शकते. फूटीतल्या अशा दुखापतींमध्ये निम्म्याहून अधिक वेळा समोरच्याचा गुडघ्याला थेट धक्का लागलेलाच नसतो. तुटलेली दोरी सहसा शिवून काम भागत नाही. म्हणून शस्त्रक्रियेत मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा दोर घेऊन नवं लिगामेंट बसवतात.

आता पुढचं नीट लक्षात घ्या. हा बसवलेला तुकडा सुरुवातीला निर्जीव दोरासारखा असतो. शरीर आधी त्यातल्या जुन्या पेशी मोडीत काढतं, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि मग हळूहळू त्याचं लिगामेंट बनतं. हे काम वर्षभर, कधी दोन वर्षंही चालतं. पहिल्या काही महिन्यांत तो तुकडा बसवला त्या दिवसापेक्षाही कमकुवत होतो. गंमत अशी की याच काळात सूज उतरते, दुखणं थांबतं आणि मुलाला वाटतं, "मी बरा झालो." त्याच्या वाटण्यावर विश्वास ठेवला की घोटाळा होतो.

नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पंचविशीच्या आतले, वळणावळणाच्या खेळात परतणारे जे खेळाडू असतात, त्यांच्यात साधारण चार-पाचांतल्या एकाचं लिगामेंट पुन्हा तुटतं, त्याच गुडघ्याचं किंवा दुसऱ्या. आणि पहिलीच दुखापत झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या गुडघ्यात पुढच्या दहा ते वीस वर्षांत एक्स-रेवर झिजेच्या खुणा दिसू लागतात. सतराव्या वर्षी एसीएल तुटलेल्या मुलाला पस्तिशीत जिना चढताना कठड्याला धरावं लागू शकतं. ऑक्टोबरच्या चाचण्यांत २० मीटर किती सेकंदांत धावला, हे तेव्हा कुणाच्या लक्षात असणार?

घाईचा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात झालेलाही आहे. २००८ च्या आसपास काही खेळाडूंच्या गुडघ्यात कृत्रिम धाग्याचं लिगामेंट बसवलं गेलं. त्यांना स्वतःचा दोर रुजण्याची वाट पाहायची नव्हती, त्यामुळे काही जण तीन-चार महिन्यांत मैदानात उतरले. वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हटलं. पुढे धागे झिजण्याच्या, तुटण्याच्या आणि गुडघ्यात दाह होण्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि त्याचा वापर ओसरला.

हा काही मोजक्या मुलांचा प्रश्न नाही. ऑस्ट्रेलियात २००० ते २०१५ या काळात एसीएलच्या शस्त्रक्रियांचं वार्षिक प्रमाण ४३ टक्क्यांनी वाढलं. पंचविशीच्या आतल्यांमध्ये ही वाढ ७४ टक्के होती, आणि सगळ्यात वेगानं वाढ झाली ती ५ ते १४ या वयात. पाच ते चौदा! हे आकडे सगळ्या खेळांचे मिळून आहेत, फक्त फूटीचे नाहीत. पण फूटी हा त्या देशातला मोठा खेळ आहे आणि त्यानं या आकड्यांकडे पाठ फिरवू नये.

नावं, जी पालकांना माहीत असायला हवीत

अॅलेक्स जॉन्सन. सिडनी स्वान्सनं २०१२ ची अंतिम लढत जिंकली तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि संघात होता. त्यानंतर त्याच्या एकाच गुडघ्याची पुन्हा पुन्हा, पाच वेळा पुनर्रचना करावी लागली. जवळपास सहा वर्षांनी, २०१८ मध्ये तो परत आला. सारं मैदान हळहळलं ते त्यानंतरच्या दुसऱ्याच सामन्यात, जेव्हा त्याचा दुसरा गुडघा गेला.

डॅनियल मेंझेल. २००९ च्या ड्राफ्टमध्ये जिलाँगनं निवडलेला. चार वेळा एसीएल. २०११ नंतर थेट २०१५ मध्ये पुन्हा एएफएलचा सामना खेळला.

पॅडी मॅकार्टिन. २०१४ च्या ड्राफ्टमधली पहिल्या क्रमांकाची निवड, म्हणजे त्या वर्षीचा देशातला सगळ्यात मोठा होतकरू मुलगा. त्याच्या डोक्याला एकामागून एक मार बसत गेले. २०१९ मध्ये त्याच्या क्लबानं त्याला यादीतून काढलं. २०२२ मध्ये तो सिडनीकडून परतला, अंतिम लढतीपर्यंत खेळला. २०२३ मध्ये पुन्हा डोक्याला मार आणि निवृत्ती. वय सत्तावीस.

या तिघांवर उपचार करणारे डॉक्टर निष्काळजी होते असं मी अजिबात म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि काही गुडघे सगळं नीट करूनही तुटतात. पण "आमच्या मुलाचं तसं होणार नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येक पालकानं ही नावं एकदा वाचावीत. ही मुलंही सतराव्या वर्षी सगळ्यात चपळ, सगळ्यात धट्टीकट्टी होती.

मेंदूचं काय?

गुडघा एमआरआयमध्ये दिसतो. मेंदूला बसलेला धक्का, ज्याला कन्कशन म्हणतात, तो साध्या स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही. मूल शुद्धीवर असतं, उभं असतं, "मी ठीक आहे" म्हणतं. डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं, झोपेचा बिघाड ही लक्षणं तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतात. कोवळ्या मेंदूला सावरायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर क्वचित जिवावरही बेतू शकतं.

फूटीनं याची किंमत मोजली आहे. वारंवार डोक्याला मार बसल्यानं होणारा सीटीई हा मेंदूचा आजार मृत्यूनंतर मेंदू तपासूनच निश्चित सांगता येतो. ग्रॅहॅम 'पॉली' फार्मर, डॅनी फ्रॉली, शेन टक या नामवंत खेळाडूंच्या मेंदूत तो सापडला. २०२३ मध्ये हेदर अँडरसन हिच्या मेंदूतही सापडल्याचं जाहीर झालं. ती एएफएलच्या महिला स्पर्धेत विजेत्या संघातून खेळलेली, आणि मृत्यूसमयी अवघी २८ वर्षांची होती.

ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टनं २०२४ मध्ये स्पष्ट सूचना दिल्या : १९ वर्षांखालच्या आणि हौशी खेळाडूंनी लक्षणं पूर्ण गेल्यावर किमान १४ दिवस आणि दुखापतीपासून किमान २१ दिवस अंगाला अंग भिडणारा खेळ खेळायचा नाही. नियम उत्तम आहे. पण ड्राफ्टच्या वर्षात २१ दिवस म्हणजे तीन सामने. राज्याच्या संघाच्या निवडीआधी तीन सामने गमावण्यापेक्षा डोकेदुखी लपवणं त्या मुलाला सोपं वाटतं. नियम कागदावर कितीही चांगला असला, तरी खरं बोलणाऱ्या मुलाचं त्यात नुकसान होत असेल तर तो खरं बोलणार नाही. दोष मुलाचा नाही.

"नशीब असतं एकेकाचं"

माझा सगळ्यात मोठा वाद या वाक्याशी आहे. हे वाक्य नाशिकमध्ये ऐकू येतं तसं मेलबर्नमध्येही ऐकू येतं. पण दुखापती नियमांनी घडतात आणि नियमांनी कमी होतात, याचा पुरावा याच खेळात आहे.

एएफएलमध्ये २०२५ पर्यंत पंच मध्यभागी चेंडू आपटायचा आणि दोन्ही संघांचे उंच खेळाडू धावत येऊन त्याच्यासाठी उडी मारायचे. पूर्वी ते लांबून पळत यायचे आणि हवेत गुडघ्यावर गुडघा आपटायचा. त्यामुळे गुडघ्यातलं मागचं लिगामेंट, पीसीएल, तुटायचं. २००५ मध्ये एएफएलनं मैदानाच्या मध्यावर १० मीटर व्यासाचं एक वर्तुळ आखलं आणि सांगितलं, धाव याच्या आतूनच घ्यायची. त्यानंतर या दुखापती लक्षणीय कमी झाल्या. एका पांढऱ्या रेषेनं जे झालं ते कुणाच्या नशिबानं झालं नव्हतं. हे समजलं कसं? एएफएल १९९२ पासून दरवर्षी आपल्या खेळाडूंच्या दुखापतींची नोंद ठेवते म्हणून. नोंद होती, म्हणून प्रश्न दिसला.

मग माझा प्रश्न असा : मोठ्यांच्या गुडघ्यांसाठी इतकी वर्षं वही ठेवणाऱ्या खेळात सतरा वर्षांच्या मुलाच्या आठवड्याची बेरीज करणारी एक वही का नसावी?

आक्षेप आणि उत्तरं

"डॉक्टर, निवडीचं वय वाढवलं तर एकोणिसाव्या वर्षी दुखापती होणार नाहीत का?" होतील. पण शाळा संपलेली असेल, परीक्षा मागे पडलेली असेल, चार संघांऐवजी एक संघ असेल, आणि उशिरा वाढणाऱ्या मुलाला एक वर्ष मिळालेलं असेल. अमेरिकेत बास्केटबॉलच्या एनबीएला एकोणीस वर्षं लागतात. तिथल्या फुटबॉलच्या एनएफएलला शाळा सुटून तीन वर्षं व्हावी लागतात. तिथले खेळ बुडालेले नाहीत.

"अठराव्या वर्षी मताचा अधिकार आहे, मग खेळायचा का नसावा?" खेळायला कुणी अडवलेलं नाही. प्रश्न इतकाच आहे की सतराव्या वर्षीचा एक मोसम त्याच्या सगळ्या भवितव्याचं माप का व्हावा.

"एक वर्ष गेलं की संपलं." हे तर साफ खोटं आहे. २०२० मध्ये कोविडमुळे व्हिक्टोरियातली अठरा वर्षांखालची स्पर्धाच रद्द झाली. मुलं पूर्ण वर्ष जवळजवळ खेळलीच नाहीत. तरी ड्राफ्ट झाला आणि व्हिक्टोरियाची मुलं पहिल्या दहांत निवडली गेली. त्यातला एलायजा हॉलंड्स तर एसीएलच्या दुखापतीतून सावरत होता, आणि तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला. टिम केली तेविसाव्या वर्षी ड्राफ्ट झाला आणि दुसऱ्याच मोसमात देशाच्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव आलं. मार्लियन पिकेटला रिचमंडनं २०१९ च्या मोसमाच्या मध्यावर घेतलं तेव्हा त्याचं बोट मोडलेलं होतं. त्याच वर्षीची अंतिम लढत हा त्याचा पहिला एएफएल सामना, वय २७, आणि रिचमंड जिंकलं.

आणि मॅट रॉवेल. २०१९ चा पहिल्या क्रमांकाचा मुलगा. पहिल्याच मोसमात काही सामन्यांत सगळ्यांना थक्क करून खांदा दुखावून बसला. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीलाच गुडघा. २०२५ मध्ये त्यानंच ब्राउनलो पदक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. निवड झाल्यापासून सहा वर्षं लागली. त्याला ती मिळाली, ही मोठी गोष्ट आहे.

मी काय मागतो?

पहिलं, ड्राफ्टचं किमान वय एका वर्षानं वाढवा. बारावी आणि ड्राफ्ट एका वर्षात नको.

दुसरं, ड्राफ्टच्या वयातल्या प्रत्येक मुलामागे एक माणूस नेमा, जो शाळा, क्लब, राज्य, अकॅडमी सगळीकडच्या तासांची बेरीज करेल आणि ज्याच्या "आज नाही" या शब्दापुढे कुठल्याही प्रशिक्षकाचं चालणार नाही.

तिसरं, दुखापत प्रामाणिकपणे सांगणाऱ्या मुलाला चाचण्या पुढे कधीतरी द्यायची सोय ठेवा. ऑक्टोबरचा एकच दिवस नको.

चौथं, दुखापत टाळणारे व्यायाम प्रत्येक संघाला सक्तीचे करा. उडीवरून नीट उतरणं, वळणं, तोल आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद यांचे हे व्यायाम आहेत. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि अशा व्यायामांनी ते सुमारे निम्म्यानं घटू शकतं. एएफएलचा मुलींसाठीचा 'प्रेप टू प्ले' कार्यक्रम तयारच आहे. आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं. सराव सुरू होण्याआधी ते झालेच पाहिजेत.

आणि तुम्ही काय कराल?

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. तोवर वही तुम्ही ठेवा. फ्रीजवर एक कागद लावा : वार, संघ, तास. ढोबळ नियम असा की संघटित खेळाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस सुटी. वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब. त्या काळात पोहा, क्रिकेट खेळा, काहीही करा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारं, रात्री जागं करणारं किंवा लंगडायला लावणारं दुखणं 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडून देऊ नका. दुखणं मारायची गोळी घालून मुलाला सामन्याला उतरवू नका. डोक्याला मार लागला तर त्याच क्षणी मैदानाबाहेर, त्या दिवशी परत नाही, आणि पुढे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ किंवा झटका आला तर थेट इस्पितळ गाठा.

एसीएलची शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनला "कधी खेळेल?" असं विचारू नका. "कुठल्या चाचण्या पास झाल्यावर खेळेल?" असं विचारा. किमान नऊ महिने, दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांच्या वर, एका पायावर उड्या मारताना तोल सारखा. आणि मुलाच्या मनात भीती उरलेली आहे का, हेही विचारा. ती उरली असेल तर तोही थांबण्याचा इशारा समजा.

त्या ताईंशी बोलणं संपत आलं तेव्हा मुलगा फोनवर आला. मोडकंतोडकं मराठी, पण स्पष्ट. म्हणाला, "डॉक्टर काका, पण मग माझं नाव कोण घेणार?" मी त्याला मेंझेलचं सांगितलं, रॉवेलचं सांगितलं, २०२० चं सांगितलं. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मला हे कोणीच सांगितलं नव्हतं."

त्याला अकॅडमी होती, शाळा होती, तीन-चार प्रशिक्षक होते. थांबलं तरी चालतं, हे सांगायला त्यातलं कुणीही नव्हतं. ऑक्टोबरच्या चाचण्यांना तो जाणार नाही. बारावीची परीक्षा देणार आहे आणि पुढच्या हिवाळ्यात, चाचण्या पास झाला तर, स्थानिक क्लबातून खेळणार आहे.

तुमच्या घरातही कुणी असं गुडघ्याला बाशिंग बांधून बसलं असेल, तर आज रात्री जेवताना त्याच्याशी बोला. "कधी खेळणार?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी विचारा, "दुखतंय का?"